झिजलेल्या पात्याचे मोल

धानाच्या लोंब्या वाकू लागल्या आणि बांधीतील पाणी उतरू लागले, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी वळचणीला खोचून ठेवलेला विळा खाली काढला जातो. बियाणे कोणते घ्यावे, रोवणी किती अंतरावर करावी, खताची मात्रा किती द्यावी, तुडतुड्यांवर फवारणी केव्हा करावी, या प्रत्येक बाबीविषयी कास्तकारास सल्ला मिळतो. आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु चार-पाच महिन्यांचे हे सारे श्रम ज्या साधनाच्या धारेवरून अखेर घरात यावयाचे, त्या साधनाविषयी आपण फारसे बोलत नाही. विळा, कोयता, सुरी आणि स्वयंपाकघरातील विळी, जिला आपल्या भागात पावशी म्हणतात, ही सारी पाती जणू आपोआप धारदार राहतात असे आपण गृहीत धरले आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पक्क्या मुठीचे लोखंडी पाते हे शेतीचे भांडवल आहे. ते झिजले म्हणजे निकामी झाले असे नव्हे. त्याची निगा राखणे, त्यास वेळोवेळी भट्टी दाखविणे आणि हे काम जाणणारा लोहार गावात टिकविणे, ही बाब विस्तारकार्यात बियाणे व खते यांच्या जोडीने आली पाहिजे. हे म्हणणे जुन्याच्या मोहातून केलेले नाही. त्यामागे कास्तकाराच्या दाण्याचा, कापणी करणाऱ्या बाईच्या मनगटाचा आणि पुष्कळदा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

बोथट धारेची किंमत कोण देतो?

धानाच्या काडीत सिलिका भरपूर असते. सिलिका म्हणजे वाळूतीलच द्रव्य होय. त्यामुळे धान कापणारे पाते एका अर्थी दिवसभर बारीक वाळूवर घासले जात असते. गवत किंवा भाजी कापणाऱ्या पात्यापेक्षा धानाचा विळा लवकर बोथट होतो, याचे मुख्य कारण हेच. सकाळी लावलेली धार दुपारपर्यंत मंदावली, तर तो विळ्याचा दोष नव्हे आणि बाईच्या हाताचाही नव्हे.

धार मंदावली की काडी कापली जात नाही, ती ओढली जाते. प्रत्येक ओढीसरशी लोंबीस झटका बसतो, आणि पूर्ण पिकलेल्या लोंबीतील दाणा बांधीतच गळतो. काही चूड मुळासकट उपटून येतात आणि मुळांची माती कडप्यात व पुढे चुरणीत मिसळते. मूठभर चूड कापण्यास एकाऐवजी दोन-तीन ओढी लागतात. हा हिशेब दिवसभरातील हजारो मुठींचा करून पाहावा, म्हणजे संध्याकाळी खांदा व मनगट का ठणकते ते वेगळे सांगावे लागणार नाही. शिवाय बोथट पात्यावर जोर अधिक द्यावा लागतो. जोर दिलेले पाते निसटले म्हणजे ते बहुधा चूड धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांवर येते. धारदार हत्याराची भीती बाळगावी हे खरे, पण बोथट हत्याराची त्याहून अधिक बाळगावी, हे अनुभवी माणसे जाणतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. आपल्याकडे धानकापणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, आणि पुष्कळ ठिकाणी मजूर बाई स्वतःचा विळा घेऊन येते. धार लावण्याचा खर्च तिचा व वेळही तिचाच. काम ठेक्याने घेतले असेल, तर धार लावण्यासाठी थांबणे तिला परवडत नाही. रोजाने असेल, तर ती बसलेली मालकास आवडत नाही. परिणामी बोथट विळ्याचे नुकसान मालकाच्या दाण्यात आणि तिच्या हातात असे दोन ठिकाणी होते, परंतु ते टाळण्याची जबाबदारी मात्र एकट्या तिच्यावर राहते. ही व्यवस्था न्याय्य नाही, आणि हिशेबाचीही नाही. कापणीपूर्वी विळे लोहाराकडून शेवटून घेण्याचा खर्च बांधीच्या मालकाने सोसावा, आणि दिवसातून दोनदा दगडावर धार लावण्याचा वेळ कामातच धरावा. नांगराचा फाळ शेवटण्याचा खर्च कोणीही नांगरणाऱ्या गड्याकडून घेत नाही. मग विळ्याचा खर्च कापणाऱ्या बाईकडून का घ्यावा?

पाते झिजते कसे?

मिटणाऱ्या चाकूपेक्षा पक्क्या मुठीची सुरी शेतकामास अधिक उपयोगी पडते. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात चिखल, चीक व तूस अडकते, आणि जोर पडला की सांधा ढिला होतो. पक्क्या मुठीच्या पात्याचे शेपूट थेट मुठीत ठोकलेले असते. तेथे हलणारे असे काही नसते. जगात इतरत्रही श्रमिकांनी हीच निवड केलेली दिसते. नेपाळमधील खुकरी, फिनलंडमधील पुक्को नावाची सुरी, जपानमधील कामा नावाचा विळा, ही सारी पक्क्या मुठीचीच हत्यारे होत. आपल्या विदर्भात तर लोखंडी पात्याची परंपरा फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, आणि तिचा काळ सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. विदर्भातील शिलावर्तुळांच्या उत्खननांतून त्या काळच्या कुऱ्हाडी, छिन्न्या व सुऱ्या मिळाल्या आहेत.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पात्याची झीज वाचावयास शिकावे. पाते मधेच खोलगट झाले असेल, तर धार लावताना टोक व मुठीकडील भाग सुटतो असे समजावे. टोक तुटले असेल, तर पात्याने पहारीचे काम घेतले गेले आहे. धारेवर निळी छटा दिसत असेल, तर विजेच्या सहाणेवर पाते तापले आहे, आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरले आहे. मुठीपाशी गंज असेल, तर हत्यार ओले ठेवले जाते. अशा रीतीने झिजलेले पाते घरातील सवयींची नोंदच समोर ठेवते, आणि कोणता सल्ला द्यावयाचा ते त्यावरून ठरविता येते.

वर्षानुवर्षे धार लावल्याने पाते अरुंद होते. पात्याचा छेद पाचरीसारखा असल्यामुळे ते जसजसे अरुंद होते, तसतशी धार जाड भागावर येऊ लागते. मग कितीही घासले तरी पाते चालत नाही. कास्तकार म्हणतो, “विळा म्हातारा झाला.” वस्तुतः त्यास फक्त पातळ करण्याची गरज असते. लोहार ते तापवून ठोकतो, धारेकडील भाग पुन्हा पातळ करतो, यासच आपण शेवटणे म्हणतो. असे शेवटलेले जुने पाते नव्याहून हलके असते आणि हातात चांगले फिरते. धुऱ्यावरील गवत, तुरीचे शेंडे, भाजीपाला, भारे बांधण्याच्या दोऱ्या, बांबूच्या कामट्या, या कामांस असे हलके पातेच अधिक सोयीचे.

परंतु प्रत्येक जुने पाते वाचविता येते असेही नाही. पूर्वीच्या लोहारांनी केलेल्या कित्येक हत्यारांत मऊ लोखंडाच्या अंगात पोलादाची एक अरुंद पट्टी बसविलेली असे. ती पट्टी झिजून संपली की उरते ते मऊ लोखंड, आणि त्यावर धार ठरत नाही. याची परीक्षा सोपी आहे. धारेच्या कडेवर कानस हलकेच फिरवावी. कानस घसरत गेली, तर पोलाद शिल्लक आहे व त्यास पाणीही आहे. कानस सहज रुतली, तर एकतर पाणी उतरले आहे, नाहीतर पोलाद संपले आहे. पाणी उतरले असेल, तर लोहार ते पुन्हा देऊ शकतो. पुन्हा पाणी दिल्यावरही कानस रुतत असेल, तर पोलाद संपले असे समजावे. त्यास नवी पट्टी बसवावी, अथवा ते हत्यार धारेच्या कामातून काढावे.

भट्टीतील शास्त्र

लोहाराचे काम अंदाजाचे आहे, त्यात शास्त्र नाही, अशी एक समजूत शिकलेल्या मंडळींत आढळते. ती चुकीची आहे. लोखंडात कर्ब किती, यावर ते कठीण होणार की नाही हे अवलंबून असते. बांधकामाच्या सळईत कर्बाचे प्रमाण साधारणतः पाव टक्का अथवा त्याहून कमी असते. अशा लोखंडास कितीही पाणी दिले तरी ते धार धरण्याइतके कठीण होत नाही. मालमोटारीच्या कमानपाट्यात हे प्रमाण अर्धा ते सहा दशांश टक्के असते. म्हणून जुन्या कमानपाट्यापासून केलेला कोयता वर्षानुवर्षे टिकतो, आणि सळई ठोकून केलेला, दिसावयास तसाच असला तरी, एका हंगामात वाकतो. बाजारात हत्यार घेताना रंगापेक्षा व चकाकीपेक्षा मूळ लोखंड कोणते, हा प्रश्न विचारावा.

असे पोलाद भट्टीत चांगले लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात वा तेलात एकदम बुडविले, की ते अतिशय कठीण होते. परंतु त्याच वेळी ठिसूळही होते. कमानपाट्याचे पोलाद पाण्यात बुडविल्यास तडकण्याचा संभव असतो, म्हणून जाणते कारागीर ते तेलात बुडवितात. तापमान पुरेसे झाले की नाही हे पाहण्याची एक खूण अशी, की सुमारे ७७० अंशांवर लोखंडास लोहचुंबक ओढत नाही. यानंतर ते घासून उजळ करावयाचे आणि पुन्हा मंद आचेवर धरावयाचे. तेव्हा उजळ भागावर रंग चढू लागतात. प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांवर निळा. पिवळ्या रंगावर थांबविलेले पाते कठीण असते व बारीक धार धरते. जांभळ्यावर थांबविलेले काहीसे मऊ पण चिवट असते, आणि लाकडावर घाव घालण्यास तेच बरे. कोणत्या हत्यारास कोणत्या रंगावर थांबवावयाचे, हे ज्याच्या डोळ्यास कळते तो कारागीर होय. विजेच्या सहाणेवर पाते निळे पडले की त्याची धार का राहत नाही, याचा उलगडाही येथेच होतो. मंद आचेने जे हेतुपूर्वक करावयाचे, ते सहाणेच्या उष्णतेने नकळत व अधिक प्रमाणात होऊन बसते. यास्तव विजेच्या सहाणेवर धार लावताना पाते क्षणोक्षणी पाण्यात बुडवीत जावे. ते हातास चटका देण्याइतके तापू देऊ नये.

पूर्वी लोहारास बलुते असे. वर्षाकाठी ठरलेले धान्य घालावयाचे आणि वर्षभर हत्यारे शेवटून घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात जातीची बांधणी व कारागिराची परवड होती, म्हणून ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु ती गेल्यावर तिच्या जागी दुसरी व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही. लोखंडी नांगर गेला, बैलगाडीची धाव गेली, आणि लोहाराच्या भट्टीस वर्षभर पुरेल इतके काम उरले नाही. कापणीच्या तोंडावर पंधरा दिवस त्याची आठवण काढावयाची व उरलेले साडेअकरा महिने त्यास विसरावयाचे, अशाने कोणताही धंदा टिकणार नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश केला गेला, त्यांत लोहार, हातोडा व अवजारे करणारे कारागीर आणि टोपल्या-चटया विणणारे कारागीर येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची रचना आहे. गावातील भट्टीवाल्याची नोंद झाली आहे काय, हे कार्यकर्त्यांनी पाहिलेच पाहिजे. पण कर्जाने व साहाय्याने ऐरण येईल, गिऱ्हाईक येणार नाही. गिऱ्हाईक गावाने द्यावयाचे असते.

यंत्र आले, मग विळा कशास?

या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आता कापणी-मळणीची यंत्रे गावोगावी येऊ लागली आहेत. दिवसाचे काम तासात होते. मजूर मिळत नाहीत. अशा वेळी विळ्याची चिंता कोणी करावी?

यंत्राचा उपयोग जेथे होतो तेथे तो जरूर करावा. परंतु आपल्या जिल्ह्याची जमीन डोळ्यांपुढे आणावी. तलाव व बोड्यांच्या खाली उतरत गेलेल्या लहान लहान बांध्या, मधे धुरे, काही ठिकाणी कापणीपर्यंत न सुकलेला ओलावा, आणि पावसाने लोळलेले धान. यंत्र धुरा चढून जाऊ शकत नाही व ओल्या बांधीत रुतते. ते उतरविण्यापूर्वी कडा व कोपरे हातानेच कापून द्यावे लागतात. यंत्राने कापलेल्या धानाची तणस तुकडे होऊन बांधीत पसरते, आणि ज्याच्या घरी गुरे आहेत त्यास अखंड तणशीचे पुंजणे हवे असते. ज्या बांधीत उभ्या धानात लाखोळी वा जवस उतेरा पद्धतीने पेरलेली आहे, तेथे यंत्राची चाके फिरली तर पुढचे पीक तुडविले जाते. म्हणून यंत्र आले तरी विळा जात नाही; त्याचे क्षेत्र कमी होते आणि उरलेल्या क्षेत्रात त्याचे महत्त्व अधिकच वाढते.

दुसरा आक्षेप दात्यांच्या विळ्याविषयी आहे. बारीक दाते असलेला ‘वैभव’ विळा महाराष्ट्रात धानकापणीसाठी शिफारस केलेला आहे. तो हलका असतो व जमिनीलगत कापतो. जमिनीलगत कापणी केल्याचा लाभ मोठा आहे. खोडकिड्याच्या अळ्या धानाच्या बुडख्यात दडून राहतात. उंच धसकटे ठेवली तर त्यांस आयते घर मिळते. त्यामुळे दात्यांचा विळा वापरावा, असेच आमचेही मत आहे. परंतु त्याच्याही मर्यादा ओळखाव्यात. दाते झिजले की साध्या दगडावर ते पुन्हा उठविता येत नाहीत. तो विळा बदलावा लागतो. ढोरांचे गवत, झुडूप, बांबू, यांस साध्या धारेचे पातेच हवे. तेव्हा नवा विळा धानासाठी आणि शेवटलेला जुना विळा इतर कामांसाठी, असे दोन्ही घरात असावेत. उतेऱ्याच्या बांधीत मात्र जमिनीलगत कापणी करू नये. लाखोळीच्या कोंबांचे शेंडे वाचतील इतक्या उंचीवरून धान कापावे.

रानातील पाते

आपल्या जिल्ह्यात शेती आणि रान ही वेगळी करता येत नाहीत. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, तिरोडा या तालुक्यांत कित्येक कुटुंबांची वर्षाची मिळकत तेंदूपाने, मोहफुले व बांबू यांवाचून पुरी होत नाही. तेंदूच्या झुडपांची फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत छाटणी केली, म्हणजे सुमारे दीड महिन्याने नवे, मोठे व मऊ पान येते. ही छाटणी धारदार पात्याने एका घावात झाली पाहिजे. बोथट पात्याने बुडखा फाटतो व फुटवा खराब येतो. छाटणीचे कष्ट टाळण्यासाठी कोणी रानास आग लावतात. ती आग तेंदूबरोबर मोहाची व सालईची कोवळी रोपे, गवत, पक्ष्यांची घरटी आणि जमिनीवरील पालापाचोळा जाळून टाकते. एका चांगल्या कोयत्याने जे काम होते, त्यासाठी सारे रान पेटविणे हा शहाणपणा नव्हे.

बांबूचेही तसेच. पक्व काठी जमिनीपासून थोड्या उंचीवर, पेराच्या लगेच वर, स्वच्छ कापावी. म्हणजे बुडख्याच्या पोकळीत पाणी साचून तो कुजणार नाही. चालू वर्षाच्या कोवळ्या काठ्यांस हात लावू नये. बोथट हत्याराने बांबू चिरतो, बेट दुखावते, आणि चिरलेल्या काठीच्या कामट्या नीट निघत नाहीत.

रानात हत्यार नेताना कायद्याचेही भान असावे. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि त्याखालील नियमांत लांब पात्याच्या हत्यारांची जी वर्गवारी आहे, तीतून घरगुती व शेतीच्या कामासाठी घडविलेली हत्यारे वगळलेली आहेत. त्यामुळे विळा-कोयता बाळगण्यास घाबरण्याचे कारण नाही. अभयारण्याची गोष्ट मात्र वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुऱ्यांचाही समावेश आहे, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करण्यास मनाई आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली घोषित झाला आहे. त्याच्या सीमेलगतच्या गावांतील मंडळींनी हद्द कोठे सुरू होते याची माहिती घेऊन ठेवावी, आणि ती देणे हे कार्यकर्त्यांनी आपले कर्तव्य समजावे.

पाते आणि देह

पात्याविषयी लिहावयाचे म्हणजे जखमेविषयीही लिहावे लागते. गंजामुळे धनुर्वात होतो असा समज आहे. खरे पाहता धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांत असतात, आणि शेतातील पाते याच दोन वस्तूंत दिवसभर वावरते. म्हणून पाते चकचकीत असले तरी जखम निर्धोक ठरत नाही. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ फडके दाबून रक्त थांबवावे, आणि धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे. माती, राख किंवा शेण जखमेवर कदापि लावू नये.

दोन ठिकाणी घरातील पाते वापरावयाचेच नाही. पहिले, सर्पदंश. धानाच्या बांधीत नाग, मण्यार व घोणस आढळतात, आणि दंशाच्या जागी सुरीने चिरा पाडून रक्त काढण्याची रीत अजूनही पुरती गेलेली नाही. त्या चिरेने विष निघत नाही; रक्तस्राव मात्र वाढतो, नसा तुटतात व जखम चिघळते. हात वा पाय हलू न देता रोग्यास थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविषाची लस हाच उपाय होय. दुसरे, बाळाची नाळ. विळ्याने वा जुन्या पात्याने नाळ कापल्यामुळे पूर्वी कित्येक अर्भके धनुर्वाताने दगावत. दवाखान्यातील बाळंतपणे, निर्जंतुक पाती व मातेस दिलेली लस, यांमुळे २०१५ साली भारतात माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने दिली. पाते कितीही चांगले असले तरी त्यास कोणत्या कामास हात लावू द्यावयाचा नाही, हे जाणणे म्हणजेही हत्याराची जाण होय.

काय करावे

कामाच्या दृष्टीने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, धार लावण्याची रीत. दगड ओला असावा. पाते दगडावर नेहमी एकाच कोनात धरावे. कोन बदलत राहिला की धार गोलावते. टोकापासून मुठीपर्यंत सारख्या फेऱ्या द्याव्यात. विळ्याची धार ज्या एका अंगास असेल त्याच अंगाने घासावे, आणि दुसऱ्या अंगास बोटाला खरखर जाणवू लागली की ते अंग दगडावर सपाट ठेवून एकदोनदा हलकेच फिरवावे. धार तपासताना बोट धारेच्या आडवे न्यावे, धारेच्या लांबीवरून कधीही ओढू नये.

दुसरी, ठेवण्याची रीत. काम संपताच पाते धुऊन, कोरडे करून त्यास तेलाचा हात द्यावा. विळ्या-कोयत्यास करंजाचे वा मोहाच्या टोळीचे तेल चालेल. परंतु करंजाचे तेल खाण्याचे नव्हे, म्हणून पावशीस व भाजीच्या सुरीस खाण्याचेच तेल लावावे. लाकडी मुठीस जवसाचे तेल उत्तम. ते सुकून कठीण होते व मूठ फुगत नाही. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र ढीग करून ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो. मूठ ढिली झाली तर धावडा किंवा तिवस यांसारख्या चिवट लाकडाची नवी करून घ्यावी. हत्यारे मुलांच्या हातास लागणार नाहीत अशा उंचीवर, धार झाकून ठेवावीत.

तिसरी, गावाचा धार-दिवस. कापणीपूर्वी पंधरा दिवस आणि तेंदू-छाटणीपूर्वी एकदा, असे वर्षातून दोन दिवस ग्रामपंचायतीने ठरवावेत. त्या दिवशी लोहाराने भट्टी चौकात मांडावी, गावातील सारी हत्यारे एकत्र आणावीत, आणि दर आधीच जाहीर करावा. लोहारास एका दिवशी भरपूर काम मिळेल, कोळसा वाया जाणार नाही, आणि तरुण मुलांस हे काम डोळ्यांनी पाहावयास मिळेल. ज्या गावात लोहार उरला नाही, तेथे शेजारच्या गावाशी जोडी करावी.

चौथी गोष्ट विस्तारकार्यासंबंधीची आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा शेती, आरोग्य, शिक्षण व ग्रामोद्योग यांचा विचार एकत्र करावा ही तिची मूळ कल्पना होती. पुढे प्रत्येक विषयाचे खाते वेगळे झाले, आणि लोहाराची भट्टी कोणाच्याच खात्यात नीट बसली नाही. कृषी कार्यकर्ता ती उद्योगाची बाब मानतो, व उद्योगाचा अधिकारी ती जुन्या काळाची बाब मानतो. ही फट बुजविणे कठीण नाही. हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या शेतकरी मेळाव्यात ज्याप्रमाणे बियाण्यांचे दालन मांडले जाऊ शकते, त्याचप्रमाणे एक कोपरा भट्टीसही मिळावा. तेथे कास्तकाराने आपला झिजलेला विळा घेऊन यावे, लोहाराने तो सर्वांसमक्ष शेवटावा, आणि बाजूच्या बांधीत जुन्या व नव्या धारेने एकेक ओळ कापून दाखवावी. किती ओढी लागल्या आणि खाली किती दाणे पडले, हे पाहणाऱ्यांनी स्वतः मोजावे. अशा मोजणीहून अधिक पटणारे व्याख्यान दुसरे नाही.

सुधारणा म्हटली की नवी वस्तू विकत घेणे, असा अर्थ रूढ होत चालला आहे. हाती असलेल्या वस्तूची शक्ती ओळखून ती पुरतेपणी वापरणे, हीही सुधारणाच आहे, आणि लहान कास्तकारास ती अधिक परवडणारी आहे. यंदाच्या कापणीस अजून अवधी असेल, तर आपल्या घरातील सर्व पाती एकदा खाली काढून पाहावीत. ज्यांस दगड पुरेल त्यांस दगड, ज्यांस भट्टी हवी त्यांस भट्टी, आणि ज्यांचे पोलाद संपले आहे त्यांस रजा द्यावी. शेवटण्याचा दाम लोहारास हातोहात द्यावा, उधारीवर ठेवू नये. म्हणजे पुढील वर्षीही गावात भट्टी पेटलेली राहील.